सायकल कट्टा: स्टेम आखूड केला म्हणून पुढचं चाक उचलत नाही

मागच्या अंकात एका ओळीत लिहून बसलो की "नवीन पार्ट घ्यायच्या आधी आहे ते हँडल जरा फिरवून बघा", आणि पत्रांचा पाऊस पडला, तोही गगनबावड्याच्या जुलैतला. अर्ध्या लोकांनी विचारलंय कुठल्या बाजूला फिरवायचं, उरलेल्यांनी आधीच पार्ट घेतलेत आणि आता काय करायचं म्हणतायत. एकानं "हँडलबारबद्दल लिहिताय तर कुठल्या बारमध्ये बसायचं तेपण सांगा" असा आगाऊपणा केलाय, त्याला इथं उत्तर नाही. बाकीच्यांसाठी आजचं सगळं पान हँडल आणि स्टेमचंच. (स्टेम म्हणजे हँडल आणि फोर्कची दांडी जोडणारा तुकडा; फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, त्याची दांडी फ्रेममधनं वर येते.)

प्रश्न: दादा, मी शिवाजी पेठेतला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढं), सेकंडहँड घेतलेली. कंपनीचा स्टेम ९० एमएम होता आणि हँडल सपाट ६८० चं. बनीहॉप (सायकलसकट उडी) आणि मॅन्युअल (पेडल न मारता नुसत्या मागच्या चाकावर जाणं) काय जमेना म्हणून ग्रुपमधल्या एकानं सांगितलं ३५ चा स्टेम टाक आणि ७८० चं उंच रायझर (टोकं वर उचललेलं हँडल) टाक, चाक आपोआप वर येतंय बघ. टाकलं. आपोआप काय आलं नाही, उलट आता वाघबीळच्या पुढं पन्हाळा चढताना पुढचं चाक सापासारखं इकडं तिकडं पळतंय आणि बसून वळवताना गुडघा हँडलला लागतोय. पैसे पाण्यात गेले काय?

उत्तर: पैसे पाण्यात नाही गेले भावा, पण त्या मित्राला एक मिसळ घालून शांतपणे विचार, की बाबा चाक आपोआप वर येत असतं तर तुझं का येत नाही.

आता नीट सांगतो. स्टेमची लांबी बदलली की मुख्य काय बदलतं, तर तुझे हात पुढच्या चाकाच्या मानानं कुठं आहेत ते. लोक म्हणतात आखूड स्टेम म्हणजे स्टिअरिंग फास्ट, हे अर्धंच खरं आहे. हिशेब करून बघ, इंजिनिअरिंगला आहेस म्हणून सांगतोय: ६८० चं हँडल म्हणजे मध्यापासून हात ३४० वर, आणि स्टेम ९० चा, तर फोर्कच्या दांडीपासून हातापर्यंतचं सरळ अंतर येतं साधारण ३५२. स्टेम ३५ केला तर ३४२. फरक दहाच एमएमचा, म्हणजे तीन टक्के सुद्धा धड नाही. हाताला एवढं कळतही नाही. मग फरक जाणवतो तो कशाचा? लांब स्टेमला वळताना हात नुसते मागं-पुढं जात नाहीत, आडवे पण सरकतात, होडीचं सुकाणू धरल्यासारखे. आखूड स्टेमला, त्यात हँडलच्या टोकांना मागं वाक असतो आठ-नऊ अंशाचा, तो धरला तर हात जवळजवळ फोर्कच्या दांडीच्या रेषेत येतात आणि मग जे वळतं ते थेट वळतं. ते चांगलं वाटतं, विशेष करून उतारावर.

रुंदीचा खेळ वेगळा. ६८० च्या हँडलवर चाक दहा अंश वळवायचं तर हात ५९ एमएम फिरतो, ७८० वर ६८. म्हणजे तेवढ्याच वळणाला हात जास्त हलवावा लागतो पण जोर कमी लागतो. दगडावर चाक आपटलं आणि हँडल हातातून हिसकायला लागलं की हाच जादा पल्ला कामाला येतो. पन्हाळ्याच्या मागं मसाई पठाराला जांभ्याच्या खडकावरनं गेला असशील तर माहीतच आहे, तिथं अरुंद हँडल म्हणजे मनगटाचा भुगा.

तुझं चुकलं कुठं, तर तू एका दमात तीन गोष्टी बदलल्यास. हात ५५ एमएम मागं आले, रायझरमुळं वर गेले, आणि रुंद झाले. पहिल्या दोन्हीमुळं पुढच्या चाकावरचं वजन कमी झालं. उतारावर आणि चाक उचलताना ते बरं, पण चढाला तू आधीच मागं कललेला असतोस, मग पुढचं चाक नुसतं जमिनीला टेकून असतं, धरून नसतं. म्हणून ते भरकटतं. त्यात तुझी सायकल ज्या काळात बनली तेव्हा फ्रेम आखूड आणि स्टेम लांब अशी जोडी ठरवूनच काढलेली असायची. आताच्या ट्रेल सायकली (डोंगरातल्या पायवाटांसाठीच्या) ३५ ते ५० च्या स्टेमला चालतात कारण त्यांची फ्रेमच पुढं लांब केलेली असते. नुसता स्टेम उचलून आणला, फ्रेम राहिली जुनीच, म्हणून गुडघा लागतोय.

आता फुकटचं आधी. स्टेमच्या खाली स्पेसरच्या चकत्या असतील, त्यातल्या २० एमएमच्या काढून स्टेमच्या वर घाल. हँडल खाली येईलच, शिवाय फोर्क तिरका असल्यामुळं साधारण ७ एमएम पुढं पण जाईल. चकत्या फेकू नको, वर नसतील तर टोपी बसणार नाही. सीट पाच-सात एमएम पुढं सरकव, आणि चढाला कोपर बाहेर न काढता खाली, छाती हँडलकडं, बूड सीटच्या टोकावर. हे करून आठवडाभर पन्हाळा कर. तरी भरकटत असेल तर ५० चा नाहीतर ६० चा स्टेम घे, ३५ चा एखाद्या डर्ट जंपवाल्याला (मातीच्या ढिगांवरनं उड्या मारणाऱ्याला) विकून टाक. ७८० चं हँडल मात्र काढू नको, ते चांगलंय.

आणि मॅन्युअलबद्दल, ते ऐकायला आवडणार नाही पण सांगतो. पेठेतला आहेस म्हणजे रस्सीखेच बघितली असशील. तिथं जो हातानं ओढतो तो पाच सेकंदात पुढं घसरतो, जिंकतो तो जो हात सरळ ठेवून अख्खं अंग मागं टाकून बसतो. मॅन्युअल तेच आहे. आधी हातापायांनी सायकल खाली दाब, मग बूड मागच्या चाकाकडं मागं आणि खाली, हात पूर्ण सरळ, टाचा खाली, आणि एक बोट मागच्या ब्रेकवर कायम, कारण उलटा पडायला लागलास की तोच वाचवतो. उंच हँडल आणि आखूड स्टेम यानं हे थोडं सोपं होतं हे खरंय, पण तुझ्या २९ च्या हार्डटेलला पेडलच्या मधल्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत ४४० च्या आसपास लांबी असणार, डर्ट जंपच्या सायकलींना ती ३८०-३९० असते, म्हणून त्या पोरांचं चाक चटकन येतं आणि तुझं येत नाही. तो फरक कुठलाच स्टेम भरून काढत नाही. मी काय करतो, सरावाच्या दिवशी चकत्या खाली घालून हँडल वर घेतो, आणि पन्हाळ्याच्या दिवशी परत खाली. एलन कीचं पाच मिनिटांचं काम आहे. सराव रिकाम्या ग्राउंडवर कर, रंकाळ्यावर भेळ खायला आलेल्या माणसांच्यात नको.

प्रश्न: काका, मी कळंब्यात राहतो (मुलगी आहे, पण आमच्यात असंच बोलतात, छापताना दुरुस्त करू नका!). उंची पाच फूट एक इंच. नवीन सायकलला ७८० चं हँडल आलंय. ज्योतिबा चढून उतरला की खांद्यात दुखतं आणि करंगळी नि शेजारचं बोट सुन्न पडतं. दुकानवाला म्हणाला दोन्हीकडनं पाच-पाच सेंटिमीटर कापून देतो, आत्ता देतो. मी थांबवलं. कापू काय?

उत्तर: थांबवलंस ते लय शहाणपणाचं केलंस ताई. कापलेलं हँडल परत वाढत नाही. (आणि दुरुस्त केलेलं नाही, बघ.)

५ फूट १ इंचाला ७८० जास्तच आहे यात वाद नाही. हात इतके पसरले की कोपराला वाकायला जागा राहत नाही, मग खड्ड्याचा दणका कोपरात न जिरता थेट खांद्यात जातो. आपल्या तालमीत जोर मारतात ना, तसे चार-पाच जोर मार, डोकं न लावता, आणि हात जमिनीवर जिथं आपोआप पडले तिथं दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर टेपनं मोज. ते तुझ्या रुंदीचा पहिला अंदाज. माझा अनुभव सांगतो, तुझ्या उंचीच्या लोकांचं बहुतेक ७०० ते ७२० च्या आसपास जमतं, पण ते तुझं तुला कळेल.

कसं कळेल तर असं. ग्रिपचे बोल्ट सैल करून दोन्ही ग्रिप आत सरकव, दहा-दहा एमएम, त्यांच्या आतले ब्रेक लिव्हर आणि गिअरचे शिफ्टर पण तेवढेच आत. हँडलची उघडी टोकं ग्रिपच्या बाहेर राहतील, राहू देत, फक्त त्या आठवड्यात झाडीतनं जाऊ नको. आठवडा चालव. मग अजून दहा-दहा. एक वेळ अशी येईल की उतारावर सायकल चंचल वाटायला लागेल, सरळ धरता धरता नाकी नऊ येतील, तिथनं एक पायरी मागं ये. तीच तुझी रुंदी. त्यानंतर कापायचं, आणि तेपण एकेका बाजूनं थोडं थोडं. त्याआधी एवढं बघायचं की हँडलचा सरळ भाग संपून वाक सुरू होतो त्याच्या आत ग्रिप, लिव्हर, शिफ्टर सगळं मावतंय का.

ॲल्युमिनियम असेल तर पाइप कटरनं, हळूहळू फिरवत. कार्बन असेल तर पाइप कटर अजिबात नको, बारीक दाताचं हॅकसॉ ब्लेड, पाणी मारत, तोंडाला मास्क, ती भुकटी फुफ्फुसात गेलेली चांगली नाही. कापल्यावर आतली-बाहेरची धार कानसीनं काढायची आणि टोकाला बूच बसवायचंच. उघडी नळी घेऊन फिरणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. पडताना ती नळी पोटात गेली तर भोक पाडून जाते, अतिशयोक्ती नाही.

बोटांचं वेगळं. करंगळी आणि शेजारचं बोट सुन्न पडतंय म्हणजे तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूवर दाब येतोय, तिथनं जाणारी नस दबते. अंगठा आणि पहिली दोन बोटं सुन्न पडली असती तर मी म्हणालो असतो मनगट वाकतंय. तुझ्या बाबतीत रुंदी कमी झाली की निम्मं जाईल, उरलेलं हँडलच्या फिरकीनं. समोरचे चार बोल्ट सैल कर, हँडल स्टेममध्ये पुढं-मागं फिरतं. सुरुवात अशी कर की बाजूनं बघताना हँडलची चढण फोर्कला समांतर दिसली पाहिजे, मग तिथनं दोन-तीन अंश इकडं तिकडं. मागं जास्त फिरवलंस तर टोकं खाली झुकतात आणि सगळं वजन तळव्याच्या बाहेरच्या कडेवर येतं, तुझं बहुतेक तेच झालंय. लिव्हर पण असे लाव की उभं राहून धरताना कोपर, मनगट आणि ब्रेकवरचं बोट एका रेषेत यावं. लिव्हरवर दोन बोटं मावायला नकोत, एक पुरतं, आणि ते टोकाला पडलं पाहिजे, बुडाशी नाही, म्हणजे कमी जोरात ब्रेक लागतो. तुझा हात लहान असणार, तर लिव्हर आत घ्यायचा छोटा स्क्रू असतो तो पण फिरव. हे सगळं करून महिन्यानं पण बोटं सुन्नच राहिली तर सायकल सोडून डॉक्टरकडं जा.

प्रश्न: स्टेमच्या डोक्यावरचा बोल्ट कितीही पिळला तरी पुढनं कटकट आवाज येतोय. अजून किती पिळू? (इचलकरंजी)

उत्तर: अजिबात पिळू नका! तो बोल्ट हँडल घट्ट करायचा नाहीच. त्याचं काम एवढंच की हेडसेटच्या (फोर्कची दांडी फ्रेममध्ये फिरते तिथल्या जोडाच्या) बेअरिंगमधली ढील काढायची. फोर्कची दांडी धरून ठेवतात ते स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट, आणि ते घट्ट असताना वरचा पिळला तर तो कशालाच ओढत नाही, आत ठोकलेला चांदणीच्या आकाराचा नट मात्र वर निघून येतो.

क्रम असा: बाजूचे दोन सैल करा. वरचा हळू फिरवा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं ढकला, एक हात हेडसेटवर ठेवून. खुटखुट संपली आणि पुढचं चाक उचलल्यावर हँडल आपल्या वजनानं मोकळं वळतंय, तिथं थांबा. मग स्टेम चाकाच्या रेषेत करा आणि बाजूचे दोन आलटून पालटून घट्ट करा. तरी ढील जात नसेल तर वरची चकती आणि फोर्कच्या दांडीचं टोक एका पातळीत आले असतील, दांडी सुमारे ३ एमएम खाली पाहिजे, नाहीतर टोपी दांडीवरच टेकते. एक चकती वाढवा.

किती घट्ट, तर स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुतेक ५ किंवा ६ न्यूटन मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर अंदाज देतो: १० सेंटिमीटरच्या एलन कीच्या टोकाला ५ किलोचा जोर म्हणजे साधारण ५ न्यूटन मीटर. पाच किलो म्हणजे जेवणानंतर बडीशेप खात लावल्यासारखं, दात ओठ खाऊन नाही. समोरचे चार बोल्ट तिरके-तिरके लावायचे आणि वर-खालची फट सारखी ठेवायची. काही स्टेमना वरची फट पूर्ण बंद करायला सांगतात, तसं असेल तर त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

मी हे एवढं कशाला सांगतोय, तर एकदा मी नवीन हँडल एका दुकानात बसवून घेतलं, तपासलं नाही, आणि तसाच मसाई पठारावर गेलो. अर्धा फूट उंचीच्या दगडावरनं उतरलो, पुढचं चाक टेकलं आणि हँडल स्टेममध्येच पुढं फिरलं, लिव्हर आकाशाकडं, मी हँडलच्या वरनं थेट गवतात. दात शाबूत, चष्मा गेला. त्या दुकानवाल्याला काय म्हणू, चूक माझी पण होती, गुडघ्यात पुढचं चाक धरून आणि हँडलवर वजन टाकून बघायला दहा सेकंद लागतात. आता कुणीही बसवलेलं असू दे, मी बघतो.

प्रश्न: आम्ही दोघं गडहिंग्लजचे. हार्डटेलवर बारस्पिन (हवेत हँडल पूर्ण एक फेरी फिरवणं) शिकायचाय. अर्धा फिरला की ब्रेकच्या नळ्या अडकतात. बीएमएक्सवाले (छोट्या चाकांच्या स्टंट सायकलवाले) काय करतात?

उत्तर: बीएमएक्सला जायरो नावाची चकती असते हेडसेटपाशी, मागच्या ब्रेकची केबल तिच्यातनं जाते म्हणून हँडल गरागरा कितीही फिरतं. तुमच्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकला ती चकती चालत नाही. डर्ट जंपवाले बहुतेक फक्त मागचा ब्रेक ठेवतात आणि त्याची नळी मुद्दाम लांब सोडतात, एक फेरी मारली की नळी दांडीला गुंडाळली जाते, पुढची फेरी उलटी मारून सोडवायची. काहीजण पुढच्या ब्रेकची नळी फोर्कच्या पोकळ दांडीतनं खाली नेतात, तेपण चालतं पण त्याला मधनं भोक असलेली टोपी लागते आणि नळी काढून परत तेल भरायचा खटाटोप.

पुढचा ब्रेक काढलेली सायकल ग्राउंडवरच, ती घेऊन आंबोलीच्या घाटात उतरू नका. हे गंमतीनं लिहीत नाही.

पण ब्रेकच्या आधी एक बघा, जे कुणी सांगत नाही. सायकल उचला आणि हँडल हळूच पूर्ण फिरवा. फोर्कच्या वर जी बटणं असतात, हवा भरायची आणि लॉकची, ती फ्रेमच्या खालच्या नळीला आपटतात का? आजकालच्या बऱ्याच २९ च्या सायकलींवर आपटतात. आपटत असतील तर विषय तिथंच संपला, या सायकलवर बारस्पिन नाही, फ्रेमला पोचा पडेल. जात असेल तर पुढचं ऐका. स्टेम ३५-४० चा. इथं आखूड स्टेम खरोखर पाहिजे, कारण हँडल फोर्कच्या दांडीच्या जेवढं जवळ तेवढं ते समतोल फिरतं, लांब स्टेमचं हँडल एका बाजूला झोल खातं आणि अर्ध्या फेरीला तुमच्या गुडघ्यावर येतं. रुंदी ७०० ते ७४०, ८०० चं हँडल दोन्ही गुडघ्यांतनं काढायला पाय फाकवून बसावं लागेल. सीट पूर्ण खाली, म्हणजे गुडघ्यांनी ती चिमटून धरता येते. हेडसेटला ढील नको आणि आवळलेला पण नको. पहिले शंभर उभ्या उभ्या मारा, एकानं मागनं सीट धरायची आणि पुढचं चाक वर, दुसऱ्यानं फेकायचं आणि पकडायचं. दोघं आहात ते बरंय.

प्रश्न: माझ्याकडे नव्वदच्या दशकातली स्टीलची एमटीबी (माउंटन बाइक) आहे, अजून झकास. हँडल ५६० आणि स्टेम १३०, तोही फोर्कच्या नळीत आत घुसणारा. आमचे चिरंजीव म्हणतात बाबा हे काय आणि कशासाठी होतं. आता साठीनंतर मला ती आरामात चालवायची आहे. (राजारामपुरी)

उत्तर: सर, चिरंजीवांना सांगा की त्याच्याही आधी रुंदच होती. १९७६ ला कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत रिपॅक नावाच्या उतारावर जी पोरं जुन्या फुगीर टायरच्या सायकली घेऊन शर्यती लावायची त्यांची हँडलं ऐसपैस असायची. रिपॅक नाव कसं पडलं तर एका उतारात मागच्या हबच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि परत भरावं लागायचं. पुढं शर्यती चढाच्या झाल्या, रोडवाल्यांची बैठक डोक्यात बसली आणि हँडल आखडत, स्टेम लांबत गेला. ती चूक नव्हती, चढाला पुढचं चाक दाबून राहायचं. उतारावर मात्र हँडलच्या वरनं जायची तयारी ठेवावी लागायची. मग परत रुंद झालं.

तुमच्या सायकलला ३५ चा स्टेम लावू नका. तिचा फोर्क उभा आहे, ७१ अंशाच्या आसपास, आताच्या ट्रेल सायकलींचा ६४-६६ असतो. वर फ्रेम आखूड. ती बिथरलेल्या वासरासारखी वळेल. ८० चा आणि थोडा वर उचललेला स्टेम, ६८० चं हँडल, एवढं पुरे. आत घुसणारा स्टेम असेल तर त्याच जागी बसणारा अडॅप्टर मिळतो, त्यावर २८.६ एमएमच्या दांडीवर बसणारा आजचा स्टेम लागतो. फक्त अडॅप्टर घ्यायच्या आधी फोर्कच्या नळीचं आतलं माप व्हर्नियरनं घ्या, २२.२ नाहीतर २५.४ निघेल. स्टेमवर "इथपर्यंत आत पाहिजे" अशी खूण असते, ती दिसली तर स्टेम जास्त वर आलाय. साठीनंतर रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून बघा आणि मला कळवा.

प्रश्न: माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. पोरगं सायकलवरनं पडलं, ॲल्युमिनियमचं हँडल एका बाजूला दोन बोटं वाकलंय. प्रेसवर धरून सरळ करून देऊ काय? नाहीतर आतनं स्लीव्ह घालून वेल्ड? आणि दुसरं, घरात जुनं, मध्याला २५.४ एमएम जाडीचं हँडल पडलंय, स्टेमचं तोंड ३१.८ चं, मधली फट भरायची चकती मी लेथवर फिरवून काढू शकतो.

उत्तर: उद्यमनगरात बनत नाही अशी गोष्ट नाही हे मी पण अभिमानानं सांगत फिरतो, म्हणून तुम्हाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण सरळ करू नका. तुम्हाला मी काय सांगावं, वाकवलेलं ॲल्युमिनियम परत वाकवलं की ते तिथंच चिरायला लागतं, आणि स्टीलसारखं आधी पिळवटून इशारा देत नाही, एका दणक्यात मोडतं. हँडल मोडतं ते कधी, तर वजन त्याच्यावर असताना, म्हणजे उडी टेकताना. वेल्ड तर त्याहून वाईट. या नळ्या भट्टीत उष्णता देऊन कडक केलेल्या असतात, वेल्डच्या आजूबाजूचा भाग परत मऊ पडतो, आणि ७०७५ जातीचा असेल तर तो वेल्डला दाद देतच नाही. पडलेलं पण न वाकलेलं हँडल असतं तर म्हणालो असतो साफ करून, स्टेमच्या कडेला आणि लिव्हरच्या क्लॅम्पखाली ओरखडा किंवा बारीक रेष आहे का नखानं बघा. हे तर उघड वाकलंय.

चकतीचं मात्र खुशाल करा, ते तुमचंच काम. ३१.८ वजा २५.४ म्हणजे ६.४, एका बाजूला ३.२ एमएमची भिंत. ॲल्युमिनियमचीच घ्या, रुंदी स्टेमच्या तोंडाएवढी पूर्ण, दोन अर्ध्या नाहीतर एका बाजूला चिरलेली, आणि आतल्या कडा गोल करा म्हणजे हँडलला धार लागणार नाही. प्लास्टिकची नको, कागद-पत्रा गुंडाळून तर नकोच. जुनं हँडल किती वर्षांचं, कितीदा पडलेलं, ते मात्र आठवून बघा, आणि पोरगं उड्या मारत असेल तर चकतीचा खटाटोप सोडून ३१.८ चं नवीनच आणा. वाकलेल्याचे दोन तुकडे करून ठेवा, नाहीतर पोरगं एखाद्या रविवारी तेच परत लावून जाईल.